चिकूचा चीक, चिकूची तुळई

चिकू हे अर्धंच नाव आहे. मूळचं 'शिकोत्सापोत्ल', मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतलं. त्यातला 'त्सापोत्ल' म्हणजे मऊ, गोड गराचं कुठलंही फळ. स्पॅनिश जिभेवर त्याचं 'चिकोसापोते' झालं. १५६५ पासून आकापुल्कोहून मनिलाला जहाजांची ये-जा सुरू झाली, त्या वाटेने झाड फिलिपिन्सला गेलं आणि तिथे नुसता 'चिको' उरला. भारतात तर या नावाची सरळ वाटणीच झाली. महाराष्ट्र-गुजरातने पुढचा तुकडा ठेवून घेतला, दक्षिणेने मागचा. हैदराबादच्या बाजारात तेच फळ सपोटा.

यात मराठी माणसाची हमखास फसगत होते. कच्च्या फळाला चीक येतो म्हणून तो चिकू, अशी व्युत्पत्ती बसल्याबसल्या कुणालाही सुचेल. ती चूक आहे. पण योगायोग असा की नाहुआत्लमध्ये या झाडाच्या चिकाला 'त्सिक्त्ली' म्हणतात आणि स्पॅनिशमध्ये त्याचं झालं 'चिक्ले'. आपल्या चीक-चिकटशी त्याचं काही नातं नाही. नातं आहे ते झाडाझाडांत. मोह, बकुळ आणि खिरणी ही आपली तिन्ही झाडं चिकूच्याच कुळातली. बकुळीचं पान मोडून पाहा, चीक दिसेल.

आपल्याला चिकू माहीत आहे तो फळ म्हणून. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या झाडाच्या मूळ मुलखात, ग्वाटेमालाच्या उत्तरेला पेतेन नावाचं जे जंगल आहे तिथे, फळाला फारसा मान नाही. रानातलं फळ लहान, बरंचसं माकडं आणि वटवाघळंच खातात. तिथे या झाडाची किंमत लाकडाला आणि चिकाला. त्या दोन गोष्टींनी मध्य अमेरिकेच्या इतिहासात जी कामं केली आहेत ती पाहिली की मिल्कशेकचा पेला जरा वेगळा दिसायला लागतो.

आधी लाकूड. चिकूचं लाकूड तांबूस, विलक्षण जड. पाण्यात टाकलं तर बुडतं. वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पेतेनमधल्या टिकाल या जुन्या शहरातल्या माया राजांनी आठव्या शतकात उंच देवळं बांधली, त्यातलं चौथ्या क्रमांकाचं देऊळ सुमारे ६५ मीटर आहे. एवढी उंची गाठणाऱ्या कारागिरांकडे खरी कमान नव्हती. दगड एकावर एक थोडे थोडे पुढे सारत नेऊन ते छत मिटवत. छताला ते चालतं, दाराला नाही. दारावर आडवा आधार लागतोच, बांधकामवाले लिंटेल म्हणतात तो. तिथला चुनखडीचा दगड वाकणीचा ताण सोसत नाही, मधोमध तडकतो. म्हणून चिकूच्या तुळया शेजारी शेजारी ठेवून दार झाकायचं आणि त्यांच्या खालच्या अंगावर कोरीवकाम करायचं. आपल्या वाड्यांत गणेशपट्टी समोरून दिसते. इथे राजा पाहायचा तर उंबऱ्यात उभं राहून मान वर करावी लागे.

पहिल्या क्रमांकाच्या देवळात एकामागे एक तीन अरुंद खोल्या आहेत आणि तीन दारं. बाहेरच्या दाराची तुळई साधी, आतल्या दोन कोरलेल्या. नक्षी पावसात भिजू नये एवढा हिशेब त्यात आहेच, पण आतवर कोण जाऊ शकत असे हेही त्यातून कळतं. हे सगळं काम धातूच्या हत्याराविना झालं, गारेच्या आणि हिरव्या कठीण दगडाच्या धारेवर. लाकूड ओलं असतानाच तासून-कोरून घेणं त्यांना भाग होतं. वाळलेल्या चिकूवर दगडाची धार टिकणं अवघड.

या तुळयांचं पुढे जे झालं ते फार चांगलं नाही. १८७७ मध्ये गुस्ताव बर्नुली हा स्विस डॉक्टर, गणितज्ञ बर्नुलींच्याच घराण्यातला, टिकालला आला आणि त्याने कोरीव तुळया उतरवून बाझेलला रवाना केल्या. आजही त्या तिथल्या संग्रहालयात आहेत. तो स्वतः १८७८ मध्ये मायदेशी परतताना वाटेत सान फ्रान्सिस्कोला वारला. त्याच्याही आधी जॉन लॉइड स्टीफन्स या अमेरिकन प्रवाशाने युकातानमधल्या उश्माल या माया शहराच्या अवशेषांतली एक कोरीव तुळई न्यूयॉर्कला नेली होती. हजार वर्षं उष्ण, दमट हवेत टिकलेलं ते लाकूड १८४२ साली तिथल्या प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागली तेव्हा एका रात्रीत जळून गेलं.

बाझेलला गेलेलं लाकूड मात्र एका भलत्याच कामी आलं. ते काम समजायला मायांची कालगणना थोडी पाहावी लागते. २० दिवसांचा एक उइनाल, १८ उइनालांचा म्हणजे ३६० दिवसांचा एक तुन, २० तुनांचा कातुन, २० कातुनांचा बाकतुन. बाकतुन १,४४,००० दिवसांचा. शिलालेखावर हे पाच आकडे दिले की दिवस पक्का, त्यात घोळ नाही. पण दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा पूर्ण तारखा कोरणं थांबलं. स्पॅनिश लोक आले तेव्हा फक्त कातुनांचा आखूड फेरा चालू होता. १३ कातुन, म्हणजे साधारण २५६ वर्षं झाली की पुन्हा पहिलं नाव. आपल्या प्रभव-विभव संवत्सरांसारखंच हे. नुसतं 'पिंगल संवत्सर' लिहिलं आणि शक लिहिला नाही, तर हे लग्न आजोबांचं की नातवाचं हे कसं ठरवायचं? आपल्याकडे घोळ साठ वर्षांचा होतो, मायांच्या बाबतीत तो अडीचशे वर्षांचा झाला. इसवी सनाशी त्यांचा दिवस जोडायचे दोन मुख्य हिशेब विसाव्या शतकात समोरासमोर उभे होते आणि त्यांच्यात सुमारे २६० वर्षांचं अंतर होतं.

तुळईवर माया तारीख कोरलेली आणि तुळई स्वतः लाकडाची, म्हणजे कार्बन मोजून वय काढता येणार. सोपं वाटतं. पण १९५० च्या दशकातल्या सुरुवातीच्या मोजणीने आधीच्या काळाला, म्हणजे चुकीच्या पक्षाला कौल दिला आणि १९६० मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या प्रयोगशाळेने पुष्कळ नमुने मोजून तो फिरवला. अशा कामात एक मोठी मेख असते. झाडाच्या गाभ्यातलं लाकूड सालीजवळच्या लाकडापेक्षा शंभर-दोनशे वर्षांनी जुनं असू शकतं. कार्बन सांगतो तो त्या थराचा जन्म, झाड तोडल्याचा दिवस सांगत नाही. कोरताना कारागिराने बाहेरचे थर तासून टाकले असले तर हिशेब आणखी मागे जातो. थंड देशात वर्षाचं एकेक कडं मोजून ही चूक सुधारतात. चिकूत तशी कडी डोळ्यांना नीट दिसत नाहीत.

२०१३ मध्ये पहिल्या देवळाच्या तुळईवर नवी मोजणी प्रसिद्ध झाली, तीत या अडचणीवर उपाय होता. लाकडातल्या कॅल्शियमचं प्रमाण ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतं. ते आडव्या छेदात मोजत गेलं की न दिसणारी वर्षं मोजता येतात. मग आतून बाहेर वेगवेगळ्या थरांचा कार्बन काढून, त्यांच्यातलं वर्षांचं अंतर धरून सगळे आकडे एकत्र बसवायचे. उत्तर आलं इ. स. ६५८ ते ६९६. तुळईवर कोरलेली घटना, टिकालचा राजा हसाव चान काविल याने कालाकमुल या दुसऱ्या माया शहराच्या राजाचा केलेला पराभव, प्रचलित हिशेबाने ऑगस्ट ६९५ मधली. जमलं! आज माया इतिहासाची जी सनावळी वाचायला मिळते, तिला भक्कम टेकू मिळाला तो चिकूच्या लाकडाचा.

टिकालच्या लाकडांची आणखी एक तपासणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. सहा मोठी देवळं आणि दोन वाडे यांतल्या नमुन्यांवरून कळलं की सुरुवातीच्या सगळ्या बांधकामांत चिकूच आहे. मग इ. स. ७४१ मध्ये अचानक तो गायब होतो आणि त्याच्या जागी पतंगीसारखा रंग देणारं एक काटेरी, बुटकं, दलदलीत वाढणारं झाड येतं. ८१० मध्ये चिकू परततो, पण तुळया आधीपेक्षा कमी रुंदीच्या. संशोधकांचा निष्कर्ष असा की बहुधा राखून ठेवलेल्या जुन्या राया तोवर संपल्या होत्या. राजाच्या देवळाला जिथे मनासारखं झाड मिळेना तिथे सरपणाला वणवण करणाऱ्यांचं काय झालं असेल, हे कोणत्याच तुळईवर कोरलेलं नाही.

आता चीक. तो चघळण्याची चाल फार जुनी. अझ्तेक समाजात तर त्याला शिष्टाचार होते, ते सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साहागुन या पाद्रीने लिहून ठेवले आहेत: अविवाहित मुलींनी चारचौघांत चघळलं तर चालेल, लग्न झालेल्या बाईने आडोशाला, पुरुषाने तर मुळीच नाही. न्यूयॉर्कला तो पोचला तो मात्र रबराचा पर्याय म्हणून. मेक्सिकोतून परागंदा झालेला जनरल सांता आना चिक्ले घेऊन आला आणि थॉमस अॅडम्सने त्याच्या गाडीच्या धावा करून पाहिल्या. जमेना. रबराच्या लांब साखळ्या ताणल्यावर परत आखडतात. चिक्लेत त्या दोन तऱ्हांच्या मिसळलेल्या, शिवाय राळ भरपूर. त्यामुळे तो थंडीत कडक आणि तोंडातल्या उबेला मऊ. गाडीला निरुपयोगी आणि दाताला उत्तम. १८७१ मध्ये अॅडम्सने च्युइंगगम बनवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे कित्येक दशकं पेतेनचं अर्थकारण या एका चिकावर चाललं. तिथे त्याला पांढरं सोनंच म्हणत.

चीक काढणारा तो चिक्लेरो. त्याचं सामान थोडं: लांब पात्याचा माचेते, दोर, पायांना बांधायचे लोखंडी आकडे, चीक न झिरपणारी कापडी पिशवी. हंगाम पावसाळ्याचा, साधारण जुलै ते फेब्रुवारी. कोरड्या दिवसांत झाडात ताण उरत नाही, चीक खाचेतच गोठतो. कामाला पहाटे लागायचं तेही याचसाठी, ऊन चढलं की धार आटते. आधी बुंध्याला बारीक खाच देऊन झाड 'देतं' का ते पाहायचं. मग खालपासून वर नागमोडी खाचा पाडत जायचं, एकीचं तोंड दुसरीत उतरेल अशा. एक खाच जरी सांधली नाही तरी त्याच्या वरचा सगळा चीक सालीवरून बाहेर ओघळतो आणि दिवस फुकट जातो. दोर कमरेभोवती आणि खोडाभोवती, पाय आकड्यांवर, हात मोकळे. पहिल्या फांदीपर्यंत दहा-बारा मीटर असंच चढायचं. याच दोराशेजारी माचेतेचे घाव पडत असतात. घाव चुकून दोरावर बसला तर माणूस खाली.

घावाची खोली हीच खरी कारागिरी. चीक असतो सालीच्या आतल्या थरात. त्याच्या आत, कागदाएवढा, झाड वाढवणारा थर. पातं तिथवर गेलं तर जखम भरत नाही, कीड आणि बुरशी आत शिरते आणि झाड काही वर्षांत उभ्याउभ्या वाळतं. खाचा खोडाभोवती पूर्ण फिरवल्या तरी तोच शेवट. चांगलं काम केलं तर एका झाडाला एका खेपेला किलोभर चीक मिळतो. माडी उतरवणारा रोज त्याच माडावर चढतो. चिक्लेरोला मात्र त्या झाडाकडे पुन्हा पाच-सहा वर्षं फिरकता येत नाही. म्हणूनच तो रानभर भटकतो. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं.

चिकाचा हा स्वभाव डहाणूकडच्या रोपवाटिकेतही आड येतो. आपल्याकडे चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणी इथलीच, चिवट, पण वाढायला मंद; पेन्सिलीएवढी जाडी यायला दोनेक वर्षं जातात. कलमाची काडी कापली की कापावर चीक जमतो. तो वाहून जाऊ दिला नाही, पुसला नाही, तर दोन सालींच्या मध्ये त्याचा पडदा तयार होतो आणि सांधा जुळत नाही. फळाचंही तसंच. चिकू झाडावर रंग बदलत नाही, म्हणून वरचा भुरका भुसा नखाने खरवडून पाहायचा. खाली हिरवं दिसलं किंवा चीक आला तर फळ कच्चं, पिवळसर तपकिरी दिसलं तर काढायला हरकत नाही.

परत पेतेनला. संध्याकाळी पिशव्या तळावर येतात आणि जमलेला चीक सालीचे तुकडे गाळून मोठ्या कढईत चढतो. पुढचं काम खवा आटवण्याचं. सतत ढवळायचं. पाणी साधारण एक तृतीयांशावर येईपर्यंत आच सोडायची नाही, आणि बुडाशी लागूही द्यायचं नाही. करपला की काळा पडतो, भाव पडतो. ओला राहिला तर वडीला बुरशी धरते, शिवाय वजन घटतं आणि घट चिक्लेरोच्या नावावर लागते. दाट गोळा साबण लावलेल्या लाकडी साच्यात ओतून दहा किलोच्या आसपासची वडी पाडायची; तिला मार्केता म्हणतात. काही वड्यांच्या पोटात दगड आणि भलत्या झाडांचे चीक निघत, म्हणून खरेदीदार वडी कापून बघे. यात एकट्या चिक्लेरोला लबाड म्हणायला मन धजत नाही. हंगामाआधी कंत्राटदाराची उचल घेतलेली, तांदूळ-साबण त्याच्याच दुकानातून त्याच्याच भावाने, हिशेबाची वही त्याच्याकडे. आपल्या ऊसतोड कामगाराला ही वही वेगळी समजावून सांगायला नको.

वहीत न चढणारी एक किंमत होती ती कानाची. पावसाळ्यात चीक वाहतो आणि त्याच पावसाळ्यात रानातली वाळूमाशी चावते. तिच्यातून लिशमानिया जातीचा परजीवी शिरतो, आपल्या काळ्या आजाराच्या जंतूचा चुलतभाऊ. त्वचेवरची जखम पुष्कळदा आपोआप भरते. पण कानाच्या कूर्चेला रक्तपुरवठा कमी, तिथे ती वर्षानुवर्षं कुरतडत राहते आणि पाळीचा तुकडाच नाहीसा होतो. १९१२ मध्ये हाराल्ड सायडेलिन याने युकातानमध्ये या रोगाचं वर्णन केलं, तेव्हा नावच पडलं चिक्लेरोचा व्रण.

चिक्लेरो रानभर भटकतो, याचा फायदा पुरातत्त्वाला झाला. दाट रानात बुजलेले मनोरे त्यांनाच दिसत. सिल्व्हेनस मॉर्ली या अमेरिकन संशोधकाने जाहीर केलं होतं की नवा कोरीव लेख असलेली जागा दाखवणाऱ्या चिक्लेरोला २५ डॉलर. १९१६ मध्ये असाच तो एका जागी पोचला. तिथल्या एका शिळेवर आठव्या बाकतुनातली तारीख होती, तोवर माहीत असलेल्यांत फार जुनी. त्याने गावाला नाव दिलं उआशाकतुन, आठ-दगड. आणि उच्चारात वॉशिंग्टनही ऐकू यावं हा चावटपणा बहुधा मुद्दामचा. १९३१ मध्ये सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला विमानातून रानात दोन उंच टेकाडं दिसली. तो नोकरीला होता चिक्लेच्या कंपनीत. त्या जागेला त्याने नाव दिलं कालाकमुल. ज्याचा पराभव टिकालने चिकूच्या तुळईवर कोरला, ते शहर जगाला पुन्हा सापडलं ते चिकूच्याच चिकामागे हिंडणाऱ्या माणसामुळे.

धंदा बुडाला तोही झटकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात गम असे, मागणी शिगेला पोचली. जंगल तेवढं पुरवू शकेना. युद्धानंतर कारखान्यांनी कृत्रिम पदार्थ धरले. त्यातला एक म्हणजे पॉलिव्हिनाइल अॅसिटेट, सुतार लाकूड जोडायला वापरतो त्या पांढऱ्या गोंदातला मुख्य माल. आज बाजारातल्या बहुतेक च्युइंगगममध्ये झाडाचा थेंबही नसतो.

उआशाकतुन मात्र उठून गेलं नाही. चिक्लेच्या वड्या न्यायला तिथे विमानाची धावपट्टी केली होती. आजचं गाव त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी वसलेलं आहे आणि मधल्या गवतावर फुटबॉल चालतो. १९९० मध्ये सगळा टापू राखीव झाला आणि २००० मध्ये सुमारे ८३ हजार हेक्टर जंगल वापराच्या अटींसह गावाकडेच सोपवलं गेलं. शोभेच्या पुष्परचनांसाठी एका बुटक्या ताडाची पानं, मसाल्याचं ऑलस्पाइस, ठरवून दिलेली थोडी तोड आणि थोडा चिक्ले, यावर गाव चालतं. गावांकडे दिलेल्या या पट्ट्यांत झाडं उभी राहिली. पश्चिमेकडे, जिथे कागदावर कडक संरक्षण होतं, तिथे गुरांच्या कुरणांसाठी रानं पेटवली गेली.

टिकालच्या देवळांकडे जाणाऱ्या पायवाटांवर चिकूची जुनी झाडं आहेत. बुंध्यापासून वरपर्यंत त्यांच्या सालीवर नागमोडी वण दिसतात. नवखा माणूस ती जात्याच नक्षीदार साल समजतो. सरावलेला चिक्लेरो वणाच्या कडा पाहतो, किती भरल्या आहेत, आणि मग झाडाला हात घालायचा की पुढे चालायचं ते ठरवतो.